बंगल्यामागचा उतार

चिखलदऱ्याच्या एका सरकारी बंगल्यावर मी तीन उन्हाळे नोकरी केली. थंड हवेच्या ठिकाणी नोकरी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हेवा उमटतो. "मजा असेल तुमची," असं म्हणतात. मी मान हलवतो. पूर्वी नीट समजावून सांगायचो, आता त्याचाही शीण येतो. पण ते तीन उन्हाळे एकदा लिहून काढावेत असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून बसलो आहे.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळचं. केळीच्या बागा आणि पानमळ्यांचा भाग. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. त्याआधी गावात लग्नकार्य असलं की जेवणावळी उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलायला माझ्या बापाला जावं लागायचं. लहानपणी मीही त्याच्याबरोबर गेलेलो आहे. पत्रावळीतली आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते आणि ती गार झालेली असते, एवढंच मला त्यातलं आठवतं. धम्म घेतल्यानंतर पुढच्याच लग्नाचं बोलावणं आलं. बापानं निरोप्याला दारातूनच सांगितलं, "आता आमी येत नाई. दुसरं कोनी पाहा." गावानं वर्षभर आमच्या घराला मजुरी दिली नाही. बाप पायी चालत अंजनगावच्या बाजारात हमालीला जायचा. पण पत्रावळीला त्यानं पुन्हा हात लावला नाही.

मी मॅट्रिक झालो, अमरावतीला एका कचेरीत काही दिवस हंगामी काम केलं आणि साठ सालानंतर केव्हातरी माझ्या हातात कायम नोकरीची ऑर्डर पडली. चिखलदऱ्याचा बंगला, पद कारकून. पाहुण्यांची नोंद करायची, खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या, सामानाची यादी ठेवायची. बाप मला परतवाड्याच्या स्टँडपर्यंत पोचवायला आला. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "कागदाचं काम कर. कोनाच्या पायापाशी वाकू नको."

बंगला तसा लहानच. चार खोल्या, पुढं लांब ओसरी, बाजूला वेगळं स्वयंपाकघर. मागच्या अंगणाला कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे एकदम उतार. उताराच्या पायथ्याशी खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचा एक झिरा होता. हात-दीड हात खोल, पण बारमाही. त्याच्या खालच्या अंगाला कोरकू आदिवासींची वीस-पंचवीस घरं होती आणि ती सगळी त्याच झिऱ्यावर पाणी भरायची. सकाळी ओसरीवर उभं राहिलं की डोक्यावर मडकी घेतलेल्या बायका झाडांमधून चढताना दिसत.

नोकर आम्ही तिघं. मी, एक म्हातारा खानसामा, ज्याला सगळे चाचा म्हणत, आणि एक झाडूवाला. पण झाडूवाला फक्त कागदावर. तो वर्षापूर्वीच काम सोडून खाली निघून गेला होता आणि त्याच्या जागी माणूस नेमावा म्हणून माझ्या आधीच्या कारकुनानं केलेले अर्ज फायलीत पडून होते.

एप्रिलच्या मध्याला अकोला, अमरावती भाजून निघाली की पाहुणे यायला लागत. वकील, डॉक्टर, जिनिंगचे मालक, प्रोफेसर. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या घरी रोज अंगण झाडलं जात असणार, मुलांना हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसणार. पण वर आले की जेवण झाल्यावर पत्रावळी, द्रोण, आंब्याच्या साली, कोयी, सगळं गोळा करायचं आणि मागच्या भिंतीवरून खाली सोडून द्यायचं. फुटलेल्या सोड्याच्या बाटल्या जायच्या. दारूबंदी असूनही चोरून आणलेल्या दुसऱ्या बाटल्या तर पुरावा नको म्हणून आधी जायच्या. बिस्किटांचे, दूध पावडरीचे डबे जायचे. जीप घेऊन येणारे कोंबड्या आणत आणि पिसं उतारावर उधळत. ड्रायव्हर मंडळी गाड्या थेट वरच्या ओढ्यात उभ्या करून साबणानं धूत. सरपण विकत मिळत असताना आवळ्याच्या ओल्या फांद्या मोडून चूल पेटवत. आणि परत जाताना प्रत्येक जण मला सांगे, "काय शुद्ध हवा आहे हो तुमची!"

मी चाचांना एकदा विचारलं, इंग्रज असताना इथं कसं होतं? मला वाटलं होतं, ते जुन्या दिवसांचं कौतुक करतील.

"साहब लोग भी फेकते थे, बाबू," चाचा कांदा चिरता चिरता म्हणाले. "उठानेवाले दो थे, इसलिए दिखता नहीं था."

मे महिन्यात आमचे वरचे साहेब परतवाड्याहून पाहणीला आले. ओव्हरसियर होते. भिंतीवरून त्यांनी खाली पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"हा काय उकिरडा करून ठेवला? उचलून टाका."

"साहेब, झाडूवाल्याची जागा रिकामी आहे. अर्ज केलेला आहे."

"अर्जाचं चालू द्या. तवरिक तुमीच करा. तुमच्या लोकांले काय, सवय असते."

ते हे रागानं बोलले नाहीत. चहात साखर कमी घाला म्हणावं, तसं बोलले. मी म्हणालो, "माझ्या ऑर्डरमध्ये कारकून लिहिलं आहे, साहेब."

त्यांनी रुमाल खिशात घातला. मग "बरं" म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. संध्याकाळी मी आणखी एक अर्ज लिहिला आणि त्याची नक्कल ठेवली. त्यानंतर पूर्ण हंगामभर मी त्या उताराला बोट लावलं नाही. खरं सांगायचं तर ढीग वाढत होता तसं मला आतून समाधान वाटत होतं. जेवढी घाण जास्त, तेवढा माझा अर्ज खरा.

पावसाळ्यात पाहुणे नसत. वर चार महिने धुकं आणि पाऊस, खोल्यांना बुरशीचा वास. पाऊस उघडता उघडता एका सकाळी मी ओसरीवर टेबल मांडून सामानाची यादी तपासत होतो. एक कोरकू बाई काठी टेकत टेकत मागच्या बाजूनं आली. तिशीची असेल. एका पायाला चिंधी गुंडाळलेली होती आणि तो पाय ती टाचेवर टाकत होती. तिनं पदराचा ओचा धरला होता. टेबलापाशी येऊन तिनं तो माझ्या यादीवर रिकामा केला.

काचांचे तुकडे होते. गंजलेला एक डबा, साबणाचा चिकट तुकडा, पिसांचा ओला गोळा. यादीवरची शाई पसरली.

"बाबू, ये तुम्हारा है," ती म्हणाली. "झिरे में था."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "ये मैंने नहीं फेका."

"तू नहीं फेका," ती म्हणाली. "तू देखता था."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. सांगून झाल्यावर ती ओसरीच्या पायरीवर बसली, कारण तिला उभं राहवत नव्हतं. पावसानं उतार धुऊन काढला होता आणि सगळं खाली झिऱ्यात जाऊन बसलं होतं. पाणी भरताना तिचा पाय काचेवर पडला होता. चाचांनी येऊन चिंधी सोडली. पाय काळानिळा पडून सुजला होता आणि वास येत होता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पाणी गरम करायला ठेवलं.

त्या दिवशी लाकडाचा एक ट्रक खाली जात होता. मी आणि तिचा नवरा तिला घेऊन परतवाड्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. नवरा बाहेर बाकावर बसून होता. त्यानं मला एक शब्द विचारला नाही.

पुढच्या महिन्यात रजा घेऊन मी गावी गेलो. जेवताना बापाला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणालो, ते ऐकून बाप खूश झाला. "बेस केलं," म्हणाला. मग मी बाईचं सांगितलं. बापानं घास खाली ठेवला.

"दोन बोटं?"

"दोन."

आई भाकरी वाढायला आली, तिला हातानंच नको म्हणाला. मग विचारलं, "किल्ल्या कोनापाशी असतात?"

"माझ्यापाशी."

"खोली कोन उघडून देते?"

"मीच."

"तू नको उचलू. पन तसंच पडू बी काहून देतं? ज्याची हाये त्याले उचलाले लाव ना. किल्ली सरकारनं तुले कायले देली?"

"बा, ते मोठे लोक असतात. ऐकत नाहीत."

"हाव," बाप म्हणाला, "मले ठाऊक हाये मोठे लोक कसे असतात." आणि पुन्हा जेवायला लागला.

दुसऱ्या हंगामाआधी मी आणि चाचांनी मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. चाचांचं वय झालं होतं, ते दोन घमेली काढत आणि दम खात. जवळजवळ सगळा मीच खणला. चार दिवस लागले, हाताला फोड आले. पाचव्या दिवशी ती बाई पाणी भरायला झिऱ्यावर आली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती लंगडत चालायची. मडकं घेऊन भिंतीपर्यंत चढून तिनं खड्डा पाहिला आणि मान हलवली.

"इधर नहीं."

"क्यों?"

तिनं मडकं खाली ठेवलं आणि मला भिंतीवरून उतरायला लावलं. कोपऱ्याच्या बरोबर खाली खडकाला एक बारीक फट होती आणि ती ओली होती. फटीत शेवाळ होतं. त्या कोपऱ्यातलं पाणी जमिनीच्या आतूनच झिऱ्यात उतरत होतं. म्हणजे मी खणलेला खड्डा घाण झिऱ्याकडे पाठवायला उताराहूनही सोयीचा होता. तिनं बंगल्याच्या पलीकडची बाजू दाखवली, जिथून पाणी दुसऱ्याच दरीत जातं. मी खड्डा बुजवला आणि तिकडे नवा खणला. आणखी पाच दिवस. त्या वेळी बाईचा नवरा आपणहून कुदळ घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून खणला.

एका फळीवर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: पाहुण्यांनी आपला कचरा आपण खड्ड्यात टाकावा, बाटल्या व डबे परत न्यावेत, ओढ्यात गाडी धुऊ नये, झाडं तोडू नयेत, खालचे लोक हे पाणी पितात. प्रत्येक खोलीत एक टोपली ठेवली. हे लिहिणं सोपं होतं. रोज तोंडानं सांगणं कठीण होतं. पाहुणे फळी वाचत, कौतुक करत आणि सवयीनं भिंतीकडे जात. मग मी मागून जायचो आणि म्हणायचो, "साहेब, तिकडे नको, खड्डा या बाजूला आहे." कोणी हसत, कोणी ऐकलं न ऐकल्यासारखं करत. कोणी विचारत, "मग तुम्ही कशाला आहात इथं?" तेच वाक्य दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. रात्री आडवं पडलो तरी घशात तेच वाक्य. दोन महिन्यांत मला स्वतःच्या आवाजाचा कंटाळा आला.

उपाय शेवटी चाचांनी काढला. त्यांच्या हातचा आलं घातलेला चहा सगळ्या चिखलदऱ्यात नावाजलेला. संध्याकाळी थंडी पडायला लागली की पाहुणे ओसरीवर येऊन त्याचीच वाट बघत. चाचा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून अदबीनं म्हणत, "हुजूर, चाय तैयार है. टोकरी खड्डे में डाल के आइए, तब तक छानता हूं." माझं ऐकत नसत ती माणसं चहासाठी जात. एक धिप्पाड जिनवाला आपली टोपली दोन्ही हातांनी पुढे धरून चाललेला मला अजून दिसतो. सगळे जात असं नाही. अर्धे जात. पण अर्धे म्हणजेही खूप होते. त्या पावसाळ्यात झिऱ्यात काच सापडली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेतलं एक मोठं कुटुंब आलं. वकील, त्यांची बायको, म्हातारी आई, मुलं, भाचे, अकरा माणसं, दोन गाड्या. आल्या आल्या वकिलांनी फळी वाचली आणि विचारलं, "हे कोणाच्या हुकमानं लावलंय?"

"मीच लावलं आहे, साहेब. खाली वस्ती आहे."

"गाव कोणतं तुमचं?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

मी तेही सांगितलं. ते "अस्सं" म्हणाले. नंतर ते माझ्याशी बोलले ते फक्त 'तू' म्हणून. म्हातारीनं आमच्या माठातलं पाणी घेतलं नाही. ड्रायव्हरला वरच्या ओढ्यावर पाठवून वेगळं पाणी भरून आणवलं. तासाभरापूर्वीच त्या ड्रायव्हरनं त्याच ओढ्यात गाडी धुतली होती. मी ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे अजूनही मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पंगत ओसरीवर बसली. जेवणं झाली. वकिलांनी ड्रायव्हरला पत्रावळी मागे टाकायला सांगितल्या. मी जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो. ड्रायव्हर बिचारा हातात पत्रावळी घेऊन मध्येच थांबला.

"काय झालं?" वकिलांनी विचारलं.

"साहेब, खड्डा पलीकडे आहे."

"मग तू नेऊन टाक. तुझं कामच आहे ते."

"माझं काम किल्लीचं आहे."

ते उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ते हात उचलतील. मी भिंत सोडली नाही. तेवढ्यात त्यांची बायको पुढे आली. तिनं ड्रायव्हरच्या हातातल्या पत्रावळी घेतल्या आणि ओसरीवर जाऊन उरलेल्या एकेक करत उचलायला लागली.

"तू काय करतेस हे?" वकील म्हणाले. "ठेव ते खाली!"

"सकाळी मी त्या बायकांना पाणी भरताना पाहिलं," ती म्हणाली. नवऱ्याकडे न बघता, हलक्या आवाजात. "एक लंगडी बाई आहे त्यांच्यात. ते पाणी ह्याच भिंतीखाली आहे."

अकराच्या अकरा पत्रावळी तिनं उचलल्या, खड्ड्यात टाकून आली. तिचे हात कोपरापर्यंत आमटीनं भरले होते. अंगणात उभी राहून तिनं मला विचारलं, "हात कुठे धुऊ?"

मी माठातून तांब्या भरला. माझ्याच हातानं. तिनं ओंजळ पुढे धरली आणि मी पाणी घातलं. ती सावकाश हात धूत राहिली. सासू ओसरीवरून बघत होती, वकील बघत होते. धुऊन झाल्यावर ती म्हणाली, "आणखी थोडं घाला," आणि ते पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गाड्या भरल्या. जाताना ती मागच्या गाडीत बसली होती. माझ्याकडे पाहिलं नाही, पाहावं अशी माझीही अपेक्षा नव्हती. तिला घरी गेल्यावर काय ऐकावं लागलं असेल, हा विचार मात्र बरेच दिवस येत राहिला.

पंधरा दिवसांत तक्रार आली. पाहुण्यांशी उद्धट वर्तन, त्यांच्याकडून हलकी कामं करवून घेणं, अधिकार नसताना नियम लावणं. ओव्हरसियर साहेब कागद घेऊन आले. दमलेले होते. त्यांच्याही मागे कोणीतरी लागलं असणार.

"तुमी काहून लोकांच्या तोंडी लागता?" ते खुर्चीत बसत म्हणाले. "दोन दिवस येतात, जातात. तुमाले काय करायचं हाये?"

"साहेब, खाली जाऊन एकदा झिरा पाहा."

"मी पाहून काय करू? झाडूवाल्याची जागा तर मले भरता येऊन नाई राहिली."

ते खरं बोलत होते. मी खुलासा लिहून दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, फळी काढून जीपमध्ये टाकली आणि पावसाळ्याआधी माझी बदली अकोल्याच्या कचेरीत झाली. शिक्षा म्हणून नव्हे, सोयीसाठी, असं ऑर्डरमध्ये होतं. निघताना चाचा म्हणाले, "टोकरियां मैं रखूंगा, बाबू, जब तक हूं." ते आणखी दोन वर्षं होते असं मला नंतर कळलं.

अकोल्याला माझं बस्तान बसलं. लग्न झालं होतंच, दोन मुली झाल्या. साठचं दशक संपत आलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमी तीन वर्सं तिथं राह्यले, आमाले एकदा तरी दाखवा." मला जायचं नव्हतं. पण मुलींनी धोशा लावला, म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही चौघं बसनं गेलो. बस खच्चून भरलेली. वर पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाच्या, भज्यांच्या टपऱ्या, आणि देवी पॉइंटकडे जत्रेसारखी माणसं. मुली हरखून गेल्या. दरीकडे बघून थोरली ओरडली आणि आवाज परत आला तेव्हा धाकटी टाळ्या वाजवायला लागली. बायकोनं डोक्यावरचा पदर काढून वारा घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मनातून म्हणत होतो की ह्यांनी येऊ नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? आयुष्यात पहिल्यांदा त्या अशा कुठे आल्या होत्या.

बंगल्याला नवा रंग लावला होता. मागं जायला मी कचरत होतो, तरी गेलो. भिंतीवरून पाहिलं. फार काही लिहीत नाही. उतार कागदांनी आणि डब्यांनी पांढरा दिसत होता.

रस्त्याच्या कडेला कोरकू बायका करवंदांचे द्रोण घेऊन बसल्या होत्या. त्यांत ती होती. केस पिकायला लागले होते. तिनंच मला आधी ओळखलं.

"बाबू, मोटा हो गया," ती म्हणाली आणि हसली. मुलींना तिनं एकेक द्रोण दिला.

मी झिऱ्याचं विचारलं.

"वो पानी अब कोई नहीं पीता," ती म्हणाली. "नीचे नाले से लाते हैं. दूर है."

"किती दूर?" मी मराठीतच विचारलं.

तिनं हात लांब करून दरीकडे दाखवलं. मी तिच्या पायाकडे पाहिलं, तिनं तो लुगड्याखाली घेतला. धाकटीनं करवंदं खाऊन रिकामा द्रोण रस्त्यात टाकला. मी वाकून उचलला. थोड्या वेळानं एका बाकाखालचे दोन डबे उचलले, मग बाटल्या. बायकोकडे भाकरी बांधून आणलेलं एक पोतडं होतं, त्यात भरत गेलो.

"आता काय करून राहिले तुमी?" बायको वैतागली. "लोक पाहून राहिले ना. दिवसभर हेच करसान काय?"

"नाही," मी म्हणालो. पण करत राहिलो. थोरली मग मदतीला आली. तिला तो खेळ वाटला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं पोतड्याला पाय लावून विचारलं, "यात काय हाये?"

"कचरा."

"कोनाचा?"

"वरून आणला," एवढंच म्हणालो. तो हसून पुढे गेला. घाट उतरेपर्यंत मुली माझ्या दोन्ही बाजूंना झोपल्या होत्या आणि पोतडं पायांत खुळखुळत होतं.

परतवाड्याला उतरल्यावर प्रश्न पडला की हे टाकायचं कुठं? स्टँडच्या मागे उघडी नाली होती, तीही भरलेली. अकोल्याच्या गाडीला अर्धा तास होता. बायको मुलींना घेऊन बाकावर बसली आणि मी पोतडं खांद्यावर घेऊन बाजारात फिरायला लागलो. एका सोडावाल्यानं बाटल्या ठेवून घेतल्या. द्रोण एका बकरीनं खाल्ले. डबे राहिले होते. गल्लीच्या टोकाला एक भंगारवाला दुकान बंद करत होता. त्यानं डबे हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाला, "एवढेच? अजून असतीन तर आना, मी घेतो."

"वर खूप आहेत," मी म्हणालो.

"मंग आना की."

मी हो म्हणालो. रिकामं पोतडं झटकलं, घडी घातली आणि स्टँडकडे निघालो. गाडी लागली होती. बायकोनं मुलींना उठवलं होतं आणि ती खिडकीजवळची जागा धरून बसली होती.